वाळवंटी वनस्पतींच्या जुन्या प्रिंट: खरेदीपूर्वीची पारख आणि खाडीकाठच्या घरातली जपणूक

आपण नेरूळहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘रदूते, 1799, अस्सल’ अशी नोंद असलेली फड्या निवडुंगाची प्रिंट साडेसहा हजार रुपयांना दिसते आहे, ती घ्यावी का. सज्जात कॅक्टस आणि अडेनियम वाढवणाऱ्या माणसाने अशा प्रिंटचा संग्रह कोठून सुरू करावा. आणि खाडीच्या दमट हवेत हा जुना कागद टिकेल का. मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो आणि बरीच वर्षे हाच कागद हाताळतो आहे, म्हणून तिन्हींची उत्तरे एकत्रच देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, आज दिसते त्या माहितीवर ती प्रिंट घेऊ नये. ती खोटीच आहे असे मी म्हणत नाही. विक्रेत्याने चित्रकाराचे नाव आणि साल दिले आहे, पण पान कोणत्या ग्रंथातले, कोणत्या आवृत्तीतले, कागदाचे माप काय आणि मागची बाजू कशी दिसते हे सांगितलेले नाही. वनस्पतींच्या जुन्या प्रिंट बहुतेक सर्व एखाद्या ग्रंथातून किंवा नियतकालिकातून सुटलेली पाने असतात. भिंतीवर टांगण्यासाठी त्या काढल्याच नव्हत्या. त्यामुळे पान कोणत्या ग्रंथाचे हे कळले, की ते कोणत्या तंत्राने छापलेले असायला हवे, रंग छापील असावा की हाताने भरलेला, कागद केवढा असावा आणि मागे मजकूर असावा की नाही, हे सारे आधीच ठरलेले असते. समोरची वस्तू या अपेक्षेशी जुळते का, एवढेच मग पाहायचे उरते.

रदूतेचेच उदाहरण घेऊ. पिएर-जोझेफ रदूते या वनस्पतिचित्रकाराने रसाळ वनस्पतींची जी चित्रे काढली, ती ‘प्लांतारुम हिस्टोरिया सक्युलेन्तारुम’ या ग्रंथात आली. त्याचा मजकूर द कँदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाचा होता. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी हप्त्याहप्त्याने सुरू झालेला हा ग्रंथ 1837 पर्यंत रेंगाळत राहिला. फोलिओ (मोठा) आणि क्वार्टो (त्याहून लहान) अशा दोन आकारांत तो निघाला आणि मोठ्या कागदावरच्या पानाला अर्थातच अधिक मोल आहे. यातल्या प्लेट, म्हणजे चित्रांची पाने, तांब्याच्या पत्र्यावर बारीक टिंबांनी कोरलेल्या आहेत. एकाच पत्र्यावर कापडाच्या लहान बोळ्यांनी निरनिराळ्या रंगांची शाई भरून त्या छापल्या आणि वर कुंचल्याने हात फिरवून पूर्ण केल्या. म्हणून दहापट मोठे दाखवणारे भिंग धरले, की अस्सल पानावर विस्कळीत, कमीजास्त आकाराची टिंबे दिसतात आणि देठाच्या भागातली टिंबे स्वतःच हिरवी, फुलाच्या भागातली स्वतःच तांबडी असतात. आधुनिक ऑफसेट प्रतीत मात्र निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच रंगांची टिंबे नियमित गुच्छांत, लहान फुलासारखी रचना करून बसलेली दिसतात. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा शिकावा लागत नाही. आपल्या दिवाणखान्यातल्या कोणत्याही छापील कॅलेंडरवर भिंग धरून दुसऱ्या प्रकारची ओळख आजच करून घ्यावी.

भिंगानंतर प्रकाश. ताम्रपटावरून छापलेल्या कागदाला यंत्राच्या दाबाने पत्र्याच्या कडेची चौकट उमटते, तिला प्लेटमार्क म्हणतात. विजेरी एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरली की ही चौकट आणि कोरलेल्या रेषांवरची किंचित उंचावलेली शाई दिसते. मात्र प्लेटमार्क नाही म्हणून लगेच शंका घेऊ नये, कारण लहान आकाराच्या ग्रंथांत बांधणी करताना कडा कापल्या गेल्या की तो निघून जातो, आणि शिळाछापाला, म्हणजे लिथोग्राफला, असा प्लेटमार्क मुळातच नसतो. उलट प्लेटमार्क आहे म्हणून निःशंकही होऊ नये, कारण तो नकली दाबूनही उमटवता येतो. अतिनील प्रकाशाचा छोटा दिवा मात्र फार उपयोगी पडतो. सुमारे 1950 नंतरच्या पुष्कळ कागदांत चकाकी आणणारी रसायने घातलेली असतात आणि अंधारात या दिव्याखाली तो कागद निळसर पांढरा उजळतो. एकोणिसाव्या शतकातला कागद तसा उजळत नाही. जुन्या ग्रंथांतली कोरी पाने काढून त्यांवर इंकजेटने छापण्याचा उद्योगही चालतो. तेथे हा दिवा फसतो आणि पुन्हा भिंगच कामी येते. चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा दिसतो; खरा जुना कागद कडेने, किंवा पूर्वीच्या फ्रेमच्या चौकटीनुसार, जास्त काळवंडलेला असतो. खाली छापलेल्या तारखेवर अजिबात विसंबू नये, कारण प्रतिकृती काढणारा तारीखही उतरवतोच.

आता सुरुवात कोठून करावी. माझे मत स्पष्ट आहे: रदूतेपासून नको, कर्टिसच्या मासिकापासून करावी. विल्यम कर्टिसने 1787 मध्ये लंडनमध्ये ‘बोटॅनिकल मॅगझिन’ सुरू केले आणि त्यातली चित्रे 1948 पर्यंत हाताने रंगवली जात होती. एवढ्या दीर्घ काळात कोरफडी, स्टॅपेलिया, मेसेम्ब्रिअँथेमम, युफोर्बिया, अगेव्ह आणि नाना प्रकारचे कॅक्टस त्यात येऊन गेले. पाने लहान, साधारण मोठ्या पुस्तकाच्या आकाराची, आणि संख्येने इतकी की नव्या संग्राहकाला परवडतील अशी आजही मिळतात. पहिल्या सहा दशकांतली चित्रे ताम्रपटावरची आहेत. 1845 च्या सुमारास वॉल्टर हूड फिचने ती दगडावर काढायला सुरुवात केली. फिच 1834 पासून 1877 पर्यंत या मासिकाचा चित्रकार होता आणि माझ्या दृष्टीने रसाळ वनस्पतींचा मांसल गोलावा त्याच्याइतक्या सहजतेने दगडावर कोणी उतरवला नाही. त्याच्यानंतर मॅटिल्डा स्मिथने हे काम चार दशकांहून अधिक काळ केले. तिच्या रेषेला काही जाणकार नावे ठेवतात, पण तिची पाने त्यामुळेच स्वस्त पडतात, आणि काट्यांच्या रचनेबाबत ती फार दक्ष असे.

या मासिकाचे पान घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. कोपऱ्यात प्लेटचा क्रमांक असतो. त्यावरून मूळ खंड आणि वर्ष ठरते. खाली ‘डेल.’ या संक्षेपाआधी चित्र काढणाऱ्याचे आणि ‘स्कल्प.’ किंवा ‘लिथ.’ याआधी कोरणाऱ्याचे किंवा दगडावर उतरवणाऱ्याचे नाव असते. मोठ्या वनस्पतींची चित्रे घडी घालून बांधलेली असत, म्हणून मधली घडी हा दोष मानू नये. उलट दुप्पट आकाराच्या चित्राला घडीच नसेल तर विचारावे. क्रमांक मिळाला की बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या विनामूल्य संकेतस्थळावर तोच खंड उघडून चित्र शेजारी ठेवावे. रंग थोडे वेगळे दिसतील, कारण प्रत्येक प्रत वेगळ्या हाताने रंगली आहे. रेषा मात्र तंतोतंत जुळल्या पाहिजेत. शक्य असेल तर चित्रासोबतचे मजकुराचे पानही मागून घ्यावे. ते रोप कोणी पाठवले आणि कोणाच्या काचगृहात ते केव्हा फुलले, ही माहिती पुष्कळदा त्यात असते आणि विक्रेते ते पान सर्रास टाकून देतात.

1863 सालच्या खंडांतले वेल्विचियाचे चित्र मिळाले तर मी स्वतः थोडे जास्त पैसे मोजायला तयार असेन. नामिबच्या वाळवंटात जन्मभर दोनच पाने वाढवत राहणारी ही वनस्पती फ्रीड्रिख वेल्विचला 1859 मध्ये अंगोलात दिसली, जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1863 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच वर्षी फिचची चित्रे या मासिकातही आली. वाळवंटी वनस्पतींच्या संग्रहात तिला पर्याय नाही.

आपण केवळ अमेरिकन कॅक्टसचाच विचार करत आहात असे पत्रावरून वाटले; तेथे थोडे थांबावे असे मी सुचवेन. आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग कॅक्टस नसून युफोर्बिया आहे आणि फड्या निवडुंग अमेरिकेहून आलेला आहे, हे आपण जाणताच. पण सह्याद्रीच्या उघड्या कातळावर आणि दख्खनच्या माळावर वाढणाऱ्या माकडशिंगीचे एक फार देखणे चित्र विल्यम रॉक्सबर्गच्या ‘प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल’ या ग्रंथात ‘स्टॅपेलिया ॲडसेंडेन्स’ या नावाने आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आदेशाने 1795 ते 1820 या काळात लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथात 300 प्लेट आहेत. मूळ चित्रे भारतीय चित्रकारांनी काढली, पण प्लेटवर त्यांची नावे नाहीत. थरच्या वाळवंटातली खेजडी, म्हणजे आपली दसऱ्याची शमी, हीही त्यात आहे. फोलिओ आकाराची ही पाने स्वस्त नाहीत. त्या मानाने रॉबर्ट वाइटचे ‘आयकोन्स प्लांतारुम इंडी ओरिएंटालिस’ संग्राहकांकडून दुर्लक्षित राहिले आहे. 1838 ते 1853 या काळात मद्रासेत छापलेल्या या ग्रंथात दोन हजारांहून अधिक शिळाछाप आहेत आणि रंगिया व गोविंदू या चित्रकारांची नावे येथे प्लेटवर वाचायला मिळतात. चित्रे साधी, काळ्या रेषेची आहेत. कोणी रंगीत ‘आयकोन्स’ विकत असेल तर रंग नंतर चढवला आहे असे समजावे. याच्याही मागे जायचे तर ॲमस्टरडॅममध्ये 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत निघालेला ‘हॉर्टस मलबारिकस’ आहे. त्यात युफोर्बिया वर्गातल्या निवडुंगांची चित्रे आहेत आणि ग्रंथातल्या प्लेटवर वनस्पतींची नावे रोमन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेली आढळतात. सतराव्या शतकातल्या डच ताम्रपटावर आपली लिपी पाहण्याचा आनंद वेगळाच आहे, पण ही पाने बहुधा दुहेरी घडीची आणि महाग असतात. दुसऱ्या टप्प्यासाठी ती राखून ठेवावीत.

नंतर चढवलेल्या रंगाचा विषय निघालाच आहे तर कॅक्टसच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणूक कोठे होते तेही सांगतो. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेच्या सर्वेक्षणातून जॉर्ज एंगेलमनचा कॅक्टसवरचा ग्रंथ 1859 मध्ये आला. पाउलस रोएटरच्या चित्रांवरून कोरलेल्या त्यातल्या 75 प्लेट कृष्णधवल आहेत आणि काट्यांच्या बारकाव्यात त्यांना तोड नाही. बाजारात त्या हिरव्यागार रंगवून, ‘मूळ हस्तरंगीत’ म्हणून दुप्पट किमतीला येतात. नंतरचा रंग ओळखायचा तर मागची बाजू पाहावी. जुन्या हिरव्या रंगात तांब्याचे क्षार असत आणि ते कागदाला मागपर्यंत तपकिरी करतात. नवा जलरंग मागे काहीच दाखवत नाही. तपकिरी डागांच्या वरून रंग गेलेला दिसला, तर डाग आधीचे आणि रंग नंतरचा, हेही उघड आहे. ब्रिटन आणि रोझ यांच्या 1919 ते 1923 च्या ‘द कॅक्टेसी’ या चार खंडांतल्या मेरी एमिली ईटनच्या प्लेटही सुंदर आहेत, पण त्या यंत्राने छापलेल्या रंगातल्या आहेत, हस्तरंगीत नव्हेत, आणि या ग्रंथाचे 1963 मध्ये पुनर्मुद्रणही झाले आहे. म्हणून तेथे प्रत कोणती हे आधी विचारावे.

रॉबर्ट थॉर्नटनच्या ‘टेंपल ऑफ फ्लोरा’ या ग्रंथातले रात्री फुलणाऱ्या सिरिअस या कॅक्टसचे 1800 सालचे चित्र, ज्यात मागे चांदणे आणि मध्यरात्र दाखवणारे मनोऱ्यावरचे घड्याळ आहे, सर्वांनाच हवे असते. ते वाळवंटी वनस्पतीचे नाही, हे ध्यानात ठेवावे. ठाण्यातल्या सज्जांमध्ये ब्रह्मकमळ म्हणून वाढणाऱ्या एपिफायलमप्रमाणे तोही जंगलातला, झाडांवर चढणारा कॅक्टस आहे. शिवाय 1812 मध्ये याच ग्रंथाची लहान आकाराची, नव्याने कोरलेली आवृत्ती निघाली होती आणि तिची पाने मोठ्या आवृत्तीच्या नावावर खपवली जातात. माप विचारले की हा घोळ सुटतो.

शोध घेताना जुनी नावे वापरावीत. लिनियसने बहुतेक कॅक्टस एकाच ‘कॅक्टस’ प्रजातीत घातले होते, त्यामुळे आजचा ओपन्शिया जुन्या पानावर ‘कॅक्टस ओपन्शिया’ म्हणून येतो आणि लिथॉप्ससारखे दगडासारखे दिसणारे रोप ‘मेसेम्ब्रिअँथेमम’मध्ये लपलेले असते. ज्या विक्रेत्याला वनस्पतींची ओळख नसते तो पानावरचे नाव जसेच्या तसे नोंदवतो आणि ‘सक्युलंट’ हा शब्द टाकून शोधणाऱ्याला ते पान दिसतच नाही. माझ्या संग्रहातल्या चांगल्या स्टॅपेलिया अशाच हाती लागल्या. फ्रान्सिस मॅसनचा 1796–97 चा, 41 प्लेटचा ‘स्टॅपेलिए नोव्ही’ पाहिल्यापासून मी या कुजकट वासाच्या फुलांच्या नादी लागलो, आणि संग्रहाला असा एखादा धागा असावा असे मला वाटते. मिळेल ते काटेरी चित्र घेत गेलो तर भिंती भरतात, पण जाणकारी वाढत नाही.

एक नैतिक बाबही येथे सांगायला हवी. सुट्या पानांची मागणी वाढली की धडधाकट ग्रंथ फाडून विकणे विक्रेत्याला फायद्याचे ठरते, आणि असे पुष्कळ ग्रंथ गेलेले आहेत. मी विक्रेत्याला विचारतो की खंड आधीच अपुरा होता का. ‘कालच पूर्ण खंड सोडवला’ असे अभिमानाने सांगणाऱ्याकडून घेत नाही. मुंबईत चोर बाजारात आणि फोर्टातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत कधीकधी बांधणी सुटलेले, मजकूर हरवलेले खंड मिळतात, ते घ्यावेत. मात्र पानावर एखाद्या ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि तो ग्रंथ रीतसर बाद केल्याची खूण नसेल, तर ते पान कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे.

आता हवेचा प्रश्न. जुलै–ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता अनेक दिवस 85 टक्क्यांच्या वर असते आणि 65 ते 70 टक्क्यांच्या पुढे कागदावर बुरशी धरू लागते. संग्रहालये सुमारे 50 टक्के राखण्याचा प्रयत्न करतात. संपूर्ण घर तसे ठेवणे शक्य नाही, एक कपाट मात्र शक्य आहे. बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला न टेकलेले स्टीलचे कपाट, त्यात आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या, प्रत्येक पानाला आम्लरहित कागदाचे वेष्टन, ओलावा शोषून रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक एवढे पुरते. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. पावसाळ्यात दर आठवड्याला पेटी उघडून पाहावी, मात्र बाहेर सर कोसळत असताना नव्हे. चारही बाजूंनी बंद केलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात पान ठेवू नये, कारण आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. लॅमिनेशनचा तर विचारही नको. कसर आणि झुरळे यांना खळ आणि सरस आवडतो, म्हणून जुनी बांधणी असलेला खंड नव्या पानांच्या पेटीत ठेवू नये.

फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला समोर बसून सूचना द्याव्यात. प्रिंट कशालाही पूर्ण चिकटवायची नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावून ती माउंटवर, म्हणजे मागच्या पुठ्ठ्यावर, लटकती ठेवायची. फेव्हिकॉल, सेलोटेप, तपकिरी टेप आणि मागे प्लायवूड यांपैकी काहीही चालणार नाही. काच चित्राला टेकू नये आणि फ्रेमच्या मागे भिंतीपासून बोटभर अंतर राहील अशा बुचाच्या गोळ्या लावाव्यात, म्हणजे हवा खेळते. पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची भिंत आणि उन्हाचा कवडसा पडणारी जागा टाळावी. मी वर्षभर एकच चित्र टांगून ठेवत नाही. पावसाळ्यात भिंतीवर प्रतिकृती असते आणि मूळ पान कपाटात.

रंगांबाबत दोन गोष्टी. पांढऱ्या फुलांसाठी जुने रंगारी शिशाचा पांढरा वापरत आणि तो हवेतल्या गंधकयुक्त वायूने काळा पडतो. ओहोटीच्या वेळी ऐरोली किंवा वाशीच्या पुलावर खाडीच्या चिखलाचा जो वास येतो तो याच जातीच्या वायूचा, तेव्हा आपल्याला याची काळजी मुंबईकरांपेक्षा जास्त हवी. पांढऱ्या पाकळ्यांवर राखी छटा दिसली तर घासू नये, तो डाग नव्हे. दुसरे म्हणजे, 1814 नंतर प्रचारात आलेल्या एका झगझगीत हिरव्या रंगात आर्सेनिक असते. पाने उलटताना बोट जिभेला लावण्याची सवय असल्यास ती सोडावी आणि रंगाची पूड निघत असेल तर ब्रश फिरवू नये. बुरशी किंवा सुटणारा रंग यांवर घरगुती उपाय न करता दक्षिण मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी विचारावे.

परदेशातून पान मागवणार असाल तर सीमाशुल्काचे दर मागवण्याच्या वेळीच तपासावेत, आणि विक्रेत्याकडून ग्रंथाचे नाव, वर्ष व प्लेट क्रमांक लिहिलेले बिल घ्यावे. ते बिल जपून ठेवावे. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित वा दस्तऐवज असल्यास 75 वर्षांहून जुना, पुरावस्तू ठरू शकतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे एकदा आणलेले पान आवडले नाही म्हणून परत पाठवणे वाटते तितके सोपे नाही. तशी वेळ आली तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी. यासाठीच नेरूळहून आपण पाहिलेल्या त्या रदूतेबाबत पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे चार गोष्टी मागा: संपूर्ण कागदाचे सेंटिमीटरमधले माप, मागच्या बाजूचे छायाचित्र, तिरप्या प्रकाशातले कडेचे छायाचित्र आणि भिंगातून घेतलेले फुलाचे छायाचित्र. चारही आली तर त्यावर पुढे बोलता येईल. द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच पैशांत कर्टिसच्या मासिकातली फिचची एखादी चांगली कोरफड शोधावी.